मोरपिशी ठिपका

राजकोटच्या एका सोसायटीत पैज लागली.

"आमचा भिखू मिस्त्री गाडीचे चांगले पार्ट काढून जुने बसवतो? परवाच माझा रेडिएटर नीट करून दिला, गाडी लोण्यासारखी पळतेय! माणसावर विश्वास टाकायला शिका, मनहरभाई," जयसुखभाईंनी छाती ठोकली. "पार्ट बदललेला निघाला, तर भर दुपारी पार्किंगमध्ये एकटा गरबा खेळेन!"

मनहरभाई मुळातच संशयी. त्यांनी आपल्या रेडिएटरवर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि कंपनीचं वर्कशॉप सोडून गाडी भिखूकडे टाकली.

गाडी परत मिळाली त्याच दिवशी गोंडल रोडवर वाफ सोडत बसली. इंजिन खलास! टोचन करून आणली, तेव्हा अख्खी सोसायटी गोळा झाली. मनहरभाईंनी बॉनेट उघडलं. गळक्या रेडिएटरवर ठिपका होता, पण मोरपिशी.

"आहे की ठिपका!" जयसुखभाई म्हणाले. "गरम होऊन रंग बदलला असेल."

"लालाचा मोरपिशी? मला काय खुळा समजता?"

"मग पैज जिंकायला तुम्हीच रंगवला नसेल कशावरून?"

झालं! सगळे मनहरभाईंकडेच संशयानं बघायला लागले. तेवढ्यात जयसुखभाईंच्या बायकोनं, रसीलाबेननं, बॉनेटमध्ये डोकं घातलं.

"अहो, ही तर माझी नेलपॉलिश! भिखूकडे गाडी टाकायच्या आधी तुम्हीच मागून नेली होतीत ना, आपल्या रेडिएटरला लावायला?"



जयसुखभाईंनी चपला काढल्या आणि पहिली टाळी वाजवली.