ब्रेकमधली हवा

"दाब!" मेकॅनिक गाडीखालून ओरडला.

पीं! एक हॉर्न, म्हणजे बायकोने पेडल दाबलं. त्याने चाकामागचा स्क्रू सैल केला. नळीतून ब्रेकचं तेल आलं, आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे बाटलीत फुटले. त्याने स्क्रू आवळला. "सोड!"

पीं पीं!

चार दिवस ती त्याच्याशी बोलत नव्हती. तिच्या शिलाई मशीनची स्प्रिंग काढून त्याने एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरला बसवली होती, तीही न विचारता! आता ती महिनाभर भावाकडे निघाली होती. बॅग मागच्या सीटवर तयार. ब्रेक झाले की सोडायला त्यालाच जायचं होतं. हात जड झाले होते, पण ब्रेकच्या कामात हयगय त्याने कधी केली नव्हती. त्यातून या गाडीत ती बसणार.

"प्रत्येक चाकानंतर बॉनेटखालच्या डबीत तेल ओतायचं हं," त्याने सुरुवातीलाच सांगितलं, तेव्हा तिने डोळे वटारले होते. तीस वर्षं नव्या कारागिरांना तीच तर दटावत आली होती, "डबी कोरडी पडली की हवा परत आत, आणि काम पहिल्यापासून!"

दाब, पीं. सोड, पीं पीं. जपासारखी लय लागली. एक चाक झालं की दार वाजे आणि बॉनेटपाशी तिच्या चपला दिसत.

वरच्या खिडकीतून शेजारीण ओरडली, "अहो काकू, गाडी शिकताय की भांडताय?"

"दोन्ही!"

तिसऱ्या चाकापाशी तो चाकालाच म्हणाला, "चुकलं गं माझं. नवी स्प्रिंग मागवलीय. तू नसलीस की घर खायला उठतं बघ."

मग हळूच, पीं.

चौथ्या चाकाला मात्र बुडबुडे थांबेचनात. तो चक्रावून बाहेर आला आणि त्याने पेडल हाताने दाबून पाहिलं. ते थेट तळाला गेलं. त्याने बॉनेटखाली डोकावलं. डबी ठणठणीत कोरडी!

"अगं, तेल?"

"आता पहिल्या चाकापासून," ती म्हणाली. "आज काही जाणं होत नाही माझं. उद्याचंही सांगता येत नाही."

तेलाचा डबा तिने पदराखाली धरला होता. त्याचं सील अजून फुटलेलं नव्हतं.