जुना स्टँड

पुण्याच्या मॅडमना कीबोर्डवरची माझी बोटं वरून दिसायला हवीत. "स्टँड कायले पाह्यजे? मी हाव ना," म्हणत बाबा दर रविवारी पियानोच्या ऑनलाइन तासाला मोबाईल माझ्या हातांवर धरून उभे राहतात. रिसोडच्या बाजारात सोयाबीनची पोती उचलणारा त्यांचा हात एवढासा मोबाईल धरताना थरथरतो. आज मॅडम वैतागल्या. "किती हलतंय, पिंकी! स्टँड खराब झालाय का?" 'बाबांनी धरलाय,' एवढंच सांगायचं होतं. पण मग त्यांनी बाबांचं कामही विचारलं असतं. मी मॅडमसारख्याच शुद्ध मराठीत म्हणाले, "हो, जुना झालाय. बदलते." मोबाईल स्थिर झाला. उरलेली वीस मिनिटं तो तसूभरही हलला नाही. माझीच बोटं चुकत राहिली. तास संपल्यावर बाबांनी आखडलेला हात दुसऱ्या हाताने धरून खाली घेतला. "पिंके," म्हणाले, "मंग तं नाई ना हाल्ला?"