डहाळी यायच्या आधी

रांगेतल्या गाड्यांना वळसा घालून एक जीप पुढे आली आणि मंजुळाबाईच्या लाल फडक्यापाशी थांबली. चालवणारा खाली उतरला. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. मागं बायको आडवी होती, तिचं डोकं सासूच्या मांडीवर.

त्याचं नाव जीवराम. मूल पोटात आडवं आहे, ताबडतोब जळगावला न्या, असं एरंडोलच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आणि तो पहाटेपासून गाडी शोधत फिरत होता. शेवटी शेजाऱ्याची जीप मागून आणली होती.

मंजुळाबाईनं मान हलवली. रस्त्याची डावी बाजू कंबरभर खोल खोदलेली होती. उरलेल्या उजव्या अंगावरून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या जायच्या. किलोमीटरभर पुढं, टेकाडाच्या वळणापलीकडे, तिचा नवरा झुलाल असंच फडकं घेऊन उभा होता. दोघं एकमेकांना दिसत नसत. म्हणून तो त्याच्याकडच्या शेवटच्या गाडीवाल्याजवळ निंबाची डहाळी द्यायचा. ती हातात पडली की रस्ता मोकळा. या खेपेला त्याच्याकडच्या अकरा गाड्या येऊन गेल्या होत्या. डहाळी आली नव्हती.

‘थोडं थांब भाऊ,’ ती म्हणाली.

तो थांबला. पाच मिनिटं झाली. समोरून काहीच येईना. रस्ता वळणापर्यंत रिकामा, वर नुसती झळ हलत होती. जीपमधली बाई आधी ओरडत होती, मग ती कण्हायला लागली, मग तेही ऐकू येईना. मंजुळाबाईनं आत वाकून पाहिलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. मंजुळाबाईचं स्वतःचं पहिलं मूल सातपुड्याच्या पायथ्याशी, झोळीत नेता नेता वाटेतच गेलं होतं.

‘अक्का, जाऊ दे,’ जीवराम म्हणाला. ‘हाई मरी जाई.’

त्यानं तिचे पाय धरायला हात खाली नेले. ती मागं सरकली.

गाडीवाले डहाळी फेकून देतात, हे तिला ठाऊक होतं. आठवड्यात दोनदा तसं झालं होतं, आणि दोन्ही वेळा मुकादमाच्या शिव्या तिनंच खाल्ल्या होत्या. अकरावा टेम्पोवाला असाच बाहेर न बघता निघून गेला होता. त्यानंच फेकली असणार. तिनं पुन्हा एकदा वळणाकडं पाहिलं. मग फडकं खाली केलं.

हॉर्न वाजवत जा, वळणावर हळू घे, असं ती सांगत होती, पण जीप तोवर निघालीही होती.

जीप वळणाआड गेली आणि मंजुळाबाईला वाटलं, टेम्पोवाल्यानं डहाळी फेकलेली आपण पाहिली नव्हती. फडकं वर धरून ती मागोमाग पळत सुटली. पायातली चप्पल निघाली, तापल्या खडीवर तळवे भाजले, तरी ती पळत होती.

झुलालनं सोडलेली बारावी गाडी अजून वाटेत होती. केळीचा ट्रक. चढावर इंजिन तापलं म्हणून ड्रायव्हर मधेच थांबून पाणी घालत बसला होता, आणि आता गेलेला वेळ भरून काढायला उतारावरून सुसाट येत होता. डहाळी त्याच्या काचेशी ठेवलेली होती.

तिला हॉर्न ऐकू आला. मग पत्रा चेपल्याचा मोठा आवाज.

ती पोचली तेव्हा जीप खोदलेल्या भागात कलंडली होती. चालकाची बाजू ट्रकनं पार चेपून टाकली होती. जीवराम स्टिअरिंगवर पडला होता, हाक मारली तरी हलत नव्हता. पलीकडून झुलाल धावत आला. त्यानं आणि ट्रकच्या ड्रायव्हरनं मागच्या दोघींना बाहेर काढलं. सासूचा हात मोडला होता. पोरीला फक्त खरचटलं होतं. झुलालकडच्या रांगेत एक अँबॅसिडर थांबलेली होती, ती लोकांनी जळगावकडं मागं वळवून घेतली.

पोरीला उचलून नेताना तिनं मंजुळाबाईचा हात धरला. नवऱ्याकडं कुणी तिला बघू दिलं नव्हतं.

‘अक्का, तू नही म्हनती ते मी आठेच, या रस्तावर, मरी जाती,’ ती म्हणाली. ‘त्यास्ले सांगजो, मांगून या म्हना.’

मंजुळाबाईनं मान डोलावली. गाडी गेली.

दोन तासांनी हवालदार आला. पोरीचं काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं ट्रकवाल्याला विचारलं, सासू पोरीबरोबर जळगावला गेली होती, मग झुलालला विचारलं. तोवर झुलालनं बायकोला बाजूला घेऊन सांगून ठेवलं होतं, ‘तो स्वतः घुसना, इतलंच सांग. मेलेला माणूस बोलस नही.’

हवालदारानं वहीत लिहिलं: जीपचालक इशारा न मानता उलट दिशेनं घुसला. मग त्यानं वही मिटायला घेतली.

‘साहेब,’ मंजुळाबाई म्हणाली. ‘तो घुसना नही. गाडी मी सोडी.’

हवालदारानं तिच्याकडं पाहिलं, मग झुलालकडं. झुलाल पाठ फिरवून उभा होता.

‘बाई, कळतंय का तू काय म्हणतेस?’

‘हा.’

त्यानं वही पुन्हा उघडली, लिहिलेल्या ओळीवर काट मारली आणि तिचं पूर्ण नाव विचारलं.

‘मंजुळाबाई,’ ती म्हणाली आणि थांबली. नवऱ्याचं नाव तिनं सोळा वर्षांत कधी तोंडानं घेतलं नव्हतं. हवालदार पेन टेकवून वाट बघत राहिला. दोन्ही टोकांना अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न चालू होते.

झुलाल वळला. येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

‘झुलाल,’ तो म्हणाला. ‘तिना नवरा मी शे. लिवा.’