नकाशातली पाणथळ

शाळेच्या सभागृहात पडद्यावर नदीचा नकाशा आला आणि मागच्या रांगेतून ताईने हात हलवला. धाकटीने पाहून न पाहिल्यासारखं केलं. ताई एकटी आली नव्हती, अख्खी गल्ली घेऊन आली होती, आणि बहिणीचं कौतुक तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

कौतुक करण्यासारखं होतंच. नदीच्या सगळ्या खोऱ्याचं मॉडेल धाकटीने संगणकावर उभं केलं होतं. इतका पाऊस पडला तर कुठे किती पाणी चढेल, हे ते सांगायचं. पुराचा इशारा देणारे भोंगे कोणत्या वस्त्यांत बसवायचे, ते आज त्यावरूनच ठरायचं होतं.

जुन्या पुरांशी मॉडेल जुळवताना तिच्या नाकी नऊ आले होते. शेवटी तिने जुन्या नकाशावरची नदीकाठची पाणथळ त्यात घातली. पाणथळीने स्पंजासारखं पाणी पिऊन घेतलं आणि आकडे चपखल बसले. तिच्या कचेरीतल्या साहेबांनी पाठ थोपटली. त्या आनंदात एक गोष्ट राहून गेली. ती पाणथळ कधीच बुजवली गेली होती, आजचा पूर काढताना तिला वगळायला हवं होतं. गेल्या आठवड्यात चूक ध्यानात आली, तोवर अहवाल छापून झाला होता. आता सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? धाकटी मूग गिळून बसली.

बरं, पाणथळ बुजवली हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच भरावावर ताईचं घर होतं. तिथले पडदे लावताना शिडी धाकटीनेच धरली होती.

साहेबांनी भोंग्यांच्या वस्त्या वाचून दाखवल्या. मागून एक आजोबा उठले. त्यांना नकाशात आपली गल्ली सापडत नव्हती, तिथे नुसता निळा डाग दिसत होता. तो भाग पाणथळीचा आहे, तिथे वस्तीच नाही, असं साहेबांनी समजावलं.

"वस्ती नाही? मग मी राहतो कुठे?"

सभागृहात हशा पिकला. साहेबांनी धाकटीकडे पाहिलं. नकाशा जरा जुना आहे, तपासून घेऊ, एवढं म्हणून वेळ मारून नेता आली असती. शब्द अगदी ओठावर आले होते.

तेवढ्यात ताई उभी राहिली.

"बसा हो आजोबा. माझी सख्खी बहीण आहे ती. आपल्या घरात पाणी शिरणार असतं, तर तिने मला आधी सांगितलं नसतं का?"

आजोबांना ते पटलं. ते बसले, पाठोपाठ गल्लीतले बाकीचेही गप्प झाले. साहेबांनी पुढचा विषय काढला.

धाकटीला मान वर करवेना. इतकी शरम तिला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. तिने साहेबांच्या हातातून माइक घेतला.

"पाणी शिरणार आहे, ताई," ती म्हणाली. "मला आठवड्यापासून माहीत आहे. मी सांगितलं नाही."

ताई अजून उभीच होती. चेहऱ्यावरचं हसूही तसंच होतं, ते आवरायचं तिला सुचलंच नाही.