दुसरा पोर्ट

यंत्र बंद करण्याच्या संमतीपत्रावर सही करायला शालिनीवहिनीने पेन उचललं. "विचारलं तर उत्तर देतो, पण आपणहून एकदाही माझं नाव घेतलं नाही. हा श्रीरंग नव्हे. बंद करून टाक."

गेलेल्या भावाचं, श्रीरंगचं मन मृण्मयीनेच संगणक केंद्रातल्या एका आभासी यंत्रात चालू ठेवलं होतं. यंत्र सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये दोन सिरीयल पोर्ट, म्हणजे मजकूर बाहेर येण्याच्या दोन वाटा, होते. पहिल्यातून प्रश्नांची उत्तरं येत आणि दुसऱ्यातून तो स्वतःहून जे बोलेल ते. सुरुवातीला तो अखंड बोलायचा. मृण्मयीला ते ऐकवेना, म्हणून तिने दुसऱ्या पोर्टपुढे 'नल' लिहिलं, म्हणजे आलेला प्रत्येक शब्द थेट शून्यात. चार दिवसांपुरतंच करायचं होतं. त्याला चौदा महिने झाले.

वहिनीने सही केली असती, तर हे कुणालाही कळलं नसतं.

"थांब, वहिनी." मृण्मयीने 'नल'ची ती ओळ बदलली आणि यंत्र क्षणभर थांबवून पुन्हा चालू केलं.

पडद्यावर अक्षरं उमटू लागली. "शालू, आज संकष्टी. उपाशीपोटी प्रेशरची गोळी घेऊ नकोस. ऐकतेयस ना?"

वहिनीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "हे आजच बोलला?"

"रोज बोलत असणार. मीच बंद केलं होतं. मला सहन होत नव्हतं."

वहिनीने तिच्याकडे पाहिलंही नाही. कीबोर्ड पुढे ओढून तिने 'ऐकतेय' असं लिहिलं. मग म्हणाली, "तू जरा बाहेर बस."

मृण्मयी बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. आतून कीबोर्डचा आवाज येत राहिला. त्या चौदा महिन्यांचं बोलणं मात्र आता कुठेच उरलेलं नव्हतं.