भाताचं टोपलं

मालवाहू जहाजावरचा आचारी गनी साखरकर यानं भाताचं टोपलं दोरानं खाली सोडलं. खाली लाकडी होडीत पन्नासेक माणसं होती, गावं जळाल्यावर देश सोडून निघालेली. ज्या देशाच्या आसऱ्याला ती चालली होती, त्याच्या सरकारनं वायरलेसवर बजावलं होतं: अन्नपाणी द्या, वर कुणालाही घेऊ नका, माघारी पाठवा.

वर ओढताना टोपलं जड लागलं. आत तान्ही मुलगी होती. होडीतून तिची आई तोडक्या हिंदीत ओरडली, "भाई, हिला तरी ठेवून घ्या!"

गनीनं पोरीला छातीशी धरलं. "साहेब, एवढासा जीव आहे."

कॅप्टननं मान खाली घातली. "चाचा, हिला घेतलं तर आपल्यालाही कुठलं बंदर आत घेणार नाही."

पोरीनं गनीची दाढी मुठीत धरली होती. एकेक बोट सोडवून त्यानं तिला टोपल्यात ठेवलं आणि दोर सोडला.

मुलगी हातात आल्यावर आई रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "भाई, जमीन कोणत्या बाजूला?"

होडीतून न दिसणारा किनारा गनीला जहाजाच्या उंचीवरून समोरच दिसत होता. त्यानं तिकडे पाठ केली आणि होडी आली होती त्या दिशेला हात केला.