सोपी, फुकट आणि नवशिक्यांना जमणारी

बोर्ली पंचतनच्या वाचनालयाने सोपी, फुकट आणि नवशिक्यांना जमणारी प्रणाली एकमताने निवडली. वरून मंजुरीही आली. हे झालं. आता हे झालंच नाही असं धरून चालू या, कारण त्या सकाळी काहीच ठरलं नव्हतं आणि बाबाजी माऊसला हात लावायला तयार नव्हता.

"चावत न्हाय तो," ठमी म्हणाली.

"मंग झाकून का ठेवलंस?"

ठमीने माऊसवरचा रुमाल काढला. धुळीसाठी होता.

ठमी गेली तीन वर्षं वाचनालयात साहाय्यक होती, पण तोंडी. पुस्तकं देणं, न आलेली मागायला घरोघर जाणं, झुरळांशी भांडणं, सगळं तिच्याकडे. फक्त नेमणुकीचा कागद नव्हता. तो तिला हवा होता, शिक्क्यासकट. कार्यवाह दिनानाथकाकांनी शब्द दिला होता, "हे चार संगणक चालू करून दाखव. त्याच बैठकीत तुझा ठराव घेतो."

संगणक एका मुंबईकर मंडळाने भेट दिले होते, परत न घेण्याच्या अटीवर. आतली सिस्टीम म्हातारी झाली होती आणि नवी त्यांना पेलत नव्हती. म्हणून ठमीने लिनक्स काढलं. लिनक्स फुकट असतं, कुणा एकाच्या मालकीचं नसतं आणि जुन्या यंत्रावरही नांदतं. पण त्यात भातासारखे वाण असतात, आणि जो जे पेरतो त्याला तेच सर्वांत सोपं वाटतं. इंटरनेटवर तीन दिवस वाचून ठमी जास्तच गोंधळली. शेवटी तिने तीन वाण तीन पेन ड्राइव्हमध्ये भरले आणि बाबाजीला बोलावलं.

बाबाजी सुपारीच्या बागांत चढायचं काम करायचा. संगणकाच्या बाबतीत त्याच्याइतका कोरा माणूस पंचक्रोशीत नव्हता. परीक्षा सोपी होती. आपलं नाव लिहायचं, जपून ठेवायचं, बंद करायचं आणि पुन्हा शोधून काढायचं.

पहिल्या वाणावर बाबाजीने नाव लिहिलं आणि ते हरवलं.

"आता माजं नाव कुटं गेलं गं?"

"आतच हाय."

"बायकोला काय सांगू?"

दुसऱ्यावर नाव सापडलं, पण बंद करायचं बटण सापडेना. बाबाजी पाऊण तास संगणकाला "पुरे आता" म्हणत बसला. तिसऱ्या वाणाचं नाव मिंट. त्यावर त्याने नाव लिहिलं, ठेवलं, काढलं, यंत्र बंद केलं आणि चहा मागितला.

"हेच," ठमी म्हणाली.

संध्याकाळी बैठक बसली. दिनानाथकाका स्वतः इतिवृत्त लिहायचे आणि त्यात इंग्रजी शब्द आला की त्यांना उचकी लागल्यासारखं व्हायचं. पेन ड्राइव्हची त्यांनी आधीच 'स्मृतिकांडी' केली होती.

"सिस्टीमला प्रणाली," ते म्हणाले.

ठमीने मान वर केली. पण काका वहीत होते.

"आणि हिचं नाव?"

"मिंट."

"मराठीत?"

ठमी विचारात पडली. बाबाजी म्हणाला, "पुदिना."

काकांनी लिहिलं.

समितीच्या सदस्य क्रांतीबाईंनी अनुमोदन दिलं. त्या शाळेत शिकवायच्या आणि सात वर्षं आपसी बदलीची वाट बघत होत्या. माणगावच्या एका बाईंना बोर्ली हवी होती, यांना माणगाव. "ती तयार, मी तयार," त्या म्हणायच्या, "फक्त कार्यालय तयार नाही."

"आता ठमीचा ठराव," काका म्हणाले. "दाखल्यावरचं चांगलं नाव काय गं तुझं?"

ते नाव शाळेतल्या हजेरीनंतर कुणी वापरलं नव्हतं. ठमीने सांगितलं.

"झकास," म्हणत काकांनी तेही लिहिलं आणि कागदाची बचत म्हणून दोन्ही ठराव एकाच पानावर बसवून जिल्ह्याला पाठवले.

चाळीस दिवस मजेत गेले. चारही संगणक चालायला लागले. बाबाजी रोज येऊन आपलं नाव आहे ना ते बघून जायचा. ठमीने भिंतीवर खिळा मारून ठेवला, नेमणुकीचा कागद चौकटीत लावायला.

लिफाफा आला तेव्हा चहा चालू होता. काकांनी उभं राहून वाचलं.

"ठराव क्रमांक एक मंजूर. कुमारी प्रणाली अंबाजी धनावडे या सोप्या, विनामूल्य व नवशिक्यांना जमणाऱ्या असल्याने त्यांना चारही संगणकांत बसवावे व दर सहा महिन्यांनी अद्ययावत करावे. ठराव क्रमांक दोन मंजूर. श्रीमती पुदिना यांनी साहाय्यक पदावर आठ दिवसांत रुजू व्हावे."

ठमीने कप खाली ठेवला.

"तुजं नाव प्रणाली हाय व्हय?" बाबाजीने विचारलं. "चांगलं हाय की."

क्रांतीबाईंनी पिशवीतून एक कोरा अर्ज काढला. त्या असे दोन-तीन नेहमी जवळ बाळगायच्या. ठमीने उरलेला चहा संपवला, खिळ्याकडे एकदा बघितलं आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहायला घेतलं:

"अर्जदार सध्या चार संगणकांत कार्यरत असून तिची प्रकृती उत्तम आहे. श्रीमती पुदिना यांना संमती विचारली असता त्यांनी पडद्यावर 'ठीक आहे' असे लेखी कळवले आहे. तरी अर्जदार व श्रीमती पुदिना यांची आपसी बदली करण्यात यावी, ही नम्र विनंती."